कानातली शिट्टी: माझा अनुभव

सदाशिव पेठेत रात्री सामसूम झाली की माझ्या दोन्ही कानांत बारीक शिट्टी सुरू व्हायची. कुकरची वाफ सुटावी तशी, न थांबणारी. एका दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या तीन महिने घेतल्या, फरक शून्य. आई लसणाचं कोमट तेल घालायची, तेही झालं.

मग दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ काढला आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करवली. आलेखाची रेघ ४००० हर्ट्‌झला (म्हणजे उंच, बारीक आवाजाला) खाली घसरलेली, मोठ्या आवाजानं कान दुखावल्याची खूण. "ताशा वाजवता का?" त्यांनी लगेच विचारलं. पथकात आठ वर्षं, कानात बोळाही न घालता! हा आवाज कायमचा घालवणारी गोळी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेल बंद करायला लावलं, झोपेसाठी थोडे दिवस हलकं औषध दिलं.

खरा आराम पडला तो पावसाच्या आवाजानं. मोबाइलवर लावायचा, पण शिट्टीपेक्षा किंचित हळू, म्हणजे मेंदूला तिची सवय होते. चार महिन्यांत झोप परतली. शिट्टी आहे, पण दिवसा आठवतही नाही.

आवाज एकाच कानात असेल, नाडीबरोबर ठोके पडत असतील, तर थांबू नका. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पथकातल्या पोरांनो, इअरप्लग घाला रे.