अपघातानंतर गाडीचा क्लेम करताना या चुका टाळा

नाशिकच्या द्वारका चौकात मागून रिक्षा घासली काय किंवा कसारा घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला काय, गाडी ठोकली की आपण दोन फोन करतो. एक घरी, दुसरा ओळखीच्या गॅरेजवाल्याला. विमा कंपनीचा नंबर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शोधला जातो आणि तोवर अंबडच्या नाहीतर सातपूरच्या गॅरेजात बंपर उतरलेला असतो. बरेच क्लेम बिघडतात ते इथेच. सर्व्हेअरने, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने, जे पाहिलं नाही, त्याचे पैसे मिळवणं फार अवघड जातं.

नुसता उशीर झाला म्हणून खरा क्लेम सरसकट नाकारू नये, असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2011 च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावलं आहे. पण उशिरात पुरावाच गेला तर परिपत्रक काय करणार? जागेवरच फोटो काढा. नंबर प्लेट, समोरचं वाहन आणि रस्ता हे तिन्ही त्यात दिसले पाहिजेत. कोणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग त्या हद्दीचं पोलीस ठाणं. कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या आणि सर्व्हे होईपर्यंत गाडीला पाना लावू देऊ नका. खोलल्यावर आतला कंडेन्सर किंवा रेडिएटर फुटलेला निघाला, तर तो बदलण्याआधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवायला सांगा. काढलेले जुने पार्ट शेवटच्या तपासणीपर्यंत गॅरेजातच राहू द्या.

रेडिएटर गळत असताना ‘नाशिकपर्यंत तर जाईल’ म्हणत इगतपुरीहून गाडी रेटणारे कमी नाहीत. इंजिन जाम झालं की कंपनी म्हणते, हे अपघाताने नाही, तुम्ही चालवल्याने झालं. पॉलिसीतही तसं कलम असतं. गाडी टो करा. गोदेच्या पुरात रामकुंडाजवळ उभी गाडी बुडाली तरी हेच: पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारून बघू नका. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जोड-संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

‘साहेब, सगळं इन्शुरन्समध्ये बसवतो’

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. जुना पोचा नव्या अपघातात घुसवला, तर खऱ्या नुकसानीवरही संशय येतो. त्याहून वाईट म्हणजे गाडी भाचा चालवत होता, त्याचं लायसन्स संपलेलं, म्हणून फॉर्मवर काकांचं नाव टाकणं. पंचनामा आणि दवाखान्याचे कागद वेगळंच बोलतात, आणि खोट्या माहितीवर कंपनी अख्खा क्लेम फेटाळू शकते.

कॅशलेस, म्हणजे कंपनी गॅरेजला परस्पर पैसे देते ती सोय, म्हणजे फुकट नव्हे. समजा गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन 1500 सीसीच्या आतलं, आणि पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची कपात (घसारा) माफ करणारं जोड-संरक्षण, नाही. प्लास्टिकचा बंपर 8,000 रुपयांचा, त्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे 4,000 तुमच्या खिशातून. पत्र्याचा फेंडर 6,000, या वयाला 25 टक्के, म्हणजे 1,500. पेंटिंग 8,000, त्यातला पाव भाग रंगाचा धरून त्यावर 50 टक्के, म्हणजे 1,000. काच 7,000 आणि मजुरी 5,000, यांवर घसारा नाही. जीएसटी बाजूला ठेवला तर बिल 34,000, कंपनी देणार 26,500, कारण घसाऱ्याच्या 6,500 शिवाय सक्तीची 1,000 रुपयांची वजावट असतेच. झिरो डेप असला तरी ती कापतात. काम सुरू होण्याआधी हा हिशेब सर्व्हिस ॲडव्हायझरकडून कागदावर घ्या.

छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करू नये, हे माझं ठाम मत आहे. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्के असेल तर एका क्लेमने तो शून्यावर येतो आणि मग 20, 25, 35, 45 असा चढत पुन्हा 50 ला पोहोचतो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता 8,000 धरला तर पाच नूतनीकरणांत मिळून साधारण 10,000 रुपये जास्त जातात. हप्ता दरवर्षी थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पाच हजारांच्या बंपरसाठी हा सौदा कशाला?

पॉलिसीवरच्या तारखा आजच बघा. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, तीन वर्षांचा सक्तीचा आहे, पण ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचं असतं. कागदावर पुढची तारीख पाहून लोक निर्धास्त राहतात. जुनी गाडी घेतली असेल तर 14 दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. नुसतं आरसी बुक नावावर होऊन भागत नाही.

रक्कम कमी वाटली तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही करण्याआधी आक्षेप लेखी नोंदवा. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवर तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज हवा. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षं खुला असतो.