बॅटरी घेताना लुमेनला भुलू नका

रावेर-यावलकडे शेतीपंपाची लाईट रात्रीची आली की बॅटरी घेऊन केळीत शिरावंच लागतं. खोक्यावर लुमेनचा आकडा मोठा छापतात, पण तो झाला एकूण उजेड. झोत किती लांब जाईल हे कॅन्डेलावर, म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेवर ठरतं. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर पल्ला: 10,000 कॅन्डेला म्हणजे 200 मीटर. मात्र हा पल्ला 0.25 लक्सला (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतक्या उजेडाला मोजतात. बांधावर बिबट्या आहे की वासरू, हे ओळखायचं तर निम्माच धरा.

एलईडीचा उजळणारा भाग जितका लहान आणि रिफ्लेक्टर जितका रुंद, तितका झोत लांब. ओस्राम कंपनीची 1 चौरस मिलिमीटरची, वर भिंगाचा घुमट नसलेली एलईडी त्यामुळेच थोड्या लुमेनमध्ये लांब मारते. क्री कंपनीची मोठी एक्सएचपी70 एलईडी उजेड भरपूर देते, पण पसरवते. केळीत मला पसरट उजेडच बरा वाटतो. लांब झोतात समोरचं पान लख्ख दिसतं, पायाखाली अंधार! तिथे खडबडीत रिफ्लेक्टर किंवा टीआयआर भिंग (उजेड आतल्या आत परावर्तित करून पुढे सोडणारं) घ्या, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वरची एलईडी, उदाहरणार्थ निचिया कंपनीची 519ए. पाचोळ्यातली घोणस तपकिरी रंगांच्या फरकानेच उठून दिसते.

दोन बॅटऱ्या ताडायच्या तर 5 मीटरवर मोबाईल ठेवून त्यावर झोत मारा, लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने लक्स मोजा आणि 25 ने गुणा, कॅन्डेला मिळेल. मोबाईलचा आकडा नेमका नसतो, तुलनेपुरता चालतो.