उन्हाळ्यात झोपणारी झाडं निवडा: सोलापूरकरांच्या घरच्या फळबागेसाठी

रोपवाटिकेत जाण्याआधी एवढं ठरवा, की मार्च ते मे या झाडाला पाणी कुठून आणणार. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिलिमीटर, त्यातला भरवशाचा सप्टेंबरचा, आणि मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे. बोअर आटला की टँकरची वाट. म्हणून झाडाची चव नंतर, आधी त्याचा उन्हाळा बघा.

बोर, सीताफळ आणि आवळा या परीक्षेत उतरतात. बोर आणि सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून स्वस्थ बसतात, तेव्हा मोठ्या झाडाला पाणी नसलं तरी चालतं. आवळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, फळ धरतं, पण मोहरीएवढी ती फळं पाऊस येईपर्यंत वाढतच नाहीत. मात्र आवळा एकटा लावू नका. एनए-७ या जातीसोबत कृष्णासारख्या दुसऱ्या जातीचं एक तरी झाड हवं, नाहीतर फुलोरा भरगच्च आणि फळं तुरळक.

बोराचं सोटमूळ खोल जातं, पिशवीत ते वळतं. त्यापेक्षा पावसाळ्याच्या तोंडावर खड्ड्यात गावठी बोराच्या तीन-चार बिया टोका, जोमदार रोप एकच ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर उमराण या चांगल्या जातीचा डोळा भरून (म्हणजे कळीचं कलम करून) घ्या. बोर नव्या फुटीवर धरतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये छाटणी हवीच. अंतर सहा मीटर ठेवा. म्हणजे एका गुंठ्यात जेमतेम तीन झाडं, ही जागा आधीच मोजून घ्या.

सीताफळात बालानगर जुनी, खात्रीची जात. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची ‘एनएमके-१ गोल्डन’ ही जात गर जास्त, बिया कमी आणि टिकाऊपणा यासाठी लोकांना आवडते. जात कोणतीही असो, पिठ्या ढेकूण (पांढरी, रस शोषणारी कीड) येतोच, आणि त्याला वर चढवतात मुंग्या. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं, की निम्मं काम होतं.

आता डाळिंब. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, मग दारात भगवा जातीचं एक झाड हवंच असं वाटणारच. तरीही सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात शेजारी कुणाची बाग असेल, तर लावू नका असंच मी सांगेन. पावसाच्या थेंबांनी आणि वाऱ्याने तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग पसरतो. दारातल्या झाडावर फवारणी होत नाही, तडकलेली काळी फळं झाडावरच राहतात, आणि लाखोंचा खर्च केलेल्या बागेला तिथून रोग लागतो. लावायचंच असेल तर रोगट फळं-फांद्या लगेच काढून जाळा आणि कात्री दर झाडाला निर्जंतुक करा.

जमीन काळी आणि खोल असेल तर आंबा, पेरू जपून. अशा मातीत पावसाळ्यात मुळांपाशी पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा मुळं तोडतात. रोप सपाटीवर न लावता उंचवट्यावर लावा. खाली चुनखडी असेल तर लिंबू आणि पेरूची पानं पिवळी पडतात. तिथे बोर किंवा सीताफळच बरं.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापवलेले असावेत. राहून गेले असतील तर पावसाआधी घ्या, पण मृगाच्या पहिल्या सरीवर रोप लावायची घाई नको. जूनमध्ये पावसाचा खंड हमखास पडतो. दोन चांगले पाऊस होऊन माती खालपर्यंत ओली झाली की लावा. खड्ड्यात पोयट्याची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड मिसळा, वाळवीला तेवढ्याने बराच आळा बसतो. कलमाचा सांधा जमिनीच्या वर ठेवा आणि सांध्याखालची फूट दिसली की खुडा, ती गावठी खुंटाची असते.

पहिले दोन उन्हाळे बोरालाही पाणी लागतं. खोडापासून हातभर अंतरावर तळाला छिद्र पाडून वात बसवलेलं मडकं पुरा, आळ्यात तुराट्या किंवा पाचट पसरा, आणि पश्चिमेकडून सावलीसाठी पोतं बांधा. न्हाणीघराचं साबणाचं पाणी केळीला सोडा, लिंबाला नको.