पाळीच्या तारखेआधीचे ते चौदा दिवस कसे काढायचे

महिन्याचा पहिला अर्धा भाग तसा बरा जातो. फॉलिक्युलर स्टडीला (अंडं किती वाढलंय ते बघायची सोनोग्राफी) एक दिवसाआड जा, गोळ्या घ्या, काहीतरी चाललंय असं वाटतं. खरा जीव टांगणीला लागतो तो अंडं फुटलं की, कारण आता करण्यासारखं काहीच नसतं आणि डोकं मात्र सुटलेलं असतं. बाळासाठी आमचं अडीच वर्षं चाललंय, त्यात जे कामी आलं तेवढं लिहितेय.

पहिलं म्हणजे लक्षणांवर विश्वास ठेवू नका. छाती दुखतेय, पोट फुगलंय, फोडणीच्या वासाने मळमळतंय, म्हणजे राहिलंच असं नाही. अंडं फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतंच, पाळी येणार असली तरी आणि दिवस राहिले असले तरी, त्यात त्याच्याच गोळ्या चालू असतील तर विचारूच नका. मी एकदा रात्री अडीचपर्यंत गूगल करत बसले, नावंसुद्धा काढली, आणि सकाळी पाळी.

प्रेग्नन्सी टेस्टचं किट घरात ठेवायचंच नाही. तारीख उलटली की त्या दिवशी आणायचं. अंडं फुटायचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसाआधी टेस्ट नको, त्या इंजेक्शनमुळेच दोन लाइन दिसू शकतात, आणि मग ती फिकट लाइन ट्यूबलाइटखाली धरून बघायची, नको ते.

आता नातेवाईक. "गोड बातमी कधी?" याचं उत्तर आधीच पाठ करून ठेवा. माझं ठरलंय, "झाली की पेढे घेऊन येते काकू, तुमचे गुडघे कसे आहेत?" गुडघ्यांवर गाडी गेली की अर्धा तास सुटका. सासरच्यांना मात्र नवऱ्यानेच सांगायचं, ते आपलं काम नाही. डोहाळजेवणाला जावंसं वाटत नसेल तर सरळ नाही म्हणा. अगदी जवळचीचं असेल तर जा, ओटी भरा आणि पेढा-बर्फीचा खेळ सुरू व्हायच्या आत निघा. तिच्याबद्दल जळफळाट झाला तर आपण वाईट ठरत नाही, तिच्यासाठी आनंद आणि जळफळाट, दोन्ही एकदम वाटू शकतं.

नवऱ्याची तपासणी झालीये का? सीमेन टेस्ट (वीर्याची तपासणी) दोन ते सात दिवस संबंध न ठेवता होते, बाईच्या टेस्टांपेक्षा कितीतरी सोपी, तरी घरोघरी तीच शेवटी होते. आणि तो रडत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही असंही नसतं. आम्ही रोज जेवणानंतर वीस मिनिटं फक्त यावर बोलतो, मग विषय बंद.

पाळी आली की त्या दिवशी रडून घ्या, जमलं तर सुट्टी टाका. पण जिना चढले म्हणून, पपई खाल्ली म्हणून असली कारणं शोधू नका. सगळं नॉर्मल असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात चान्स साधारण चारात एक असतो.

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही असं झालं, किंवा एकदा जरी जगावंसंच वाटलं नाही, तर थांबू नका, 14416 वर टेलि-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि डॉक्टर हो म्हणाले तर एखादा महिना ब्रेक घ्या. आम्ही मे महिन्यात घेतला, माहेरी गेलो, आंबे खाल्ले, पाळी आली तेव्हा कॅलेंडर बघावं लागलं की आज तारीख काय.