सायकलवाल्यांनो, उभ्या कारच्या दारापासून लांब राहा

पेठांमध्ये सायकल चालवताना मागून हॉर्न वाजला की आपण आपोआप डावीकडे उभ्या असलेल्या गाड्यांना चिकटतो आणि नेमकं तिथेच कोणीतरी न बघता खाडकन दार उघडतं. तर चिकटायचं नाही. दार पूर्ण उघडलं तर जेवढं बाहेर येईल तेवढं, म्हणजे साधारण मीटरभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवायची, दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करत बसायचं नाही कारण मागच्या रिक्षावाल्याला तुम्ही एकदम समोर उगवल्यासारखे दिसता. वाजवू दे हॉर्न, पुण्यात तो तसाही वाजतोच. गाडी नुकतीच थांबलीय, ब्रेकलाइट चालू आहे, आरशात ड्रायव्हरचं डोकं हललं की घंटी वाजवा आणि बोटं ब्रेकवर ठेवा. पी-१, पी-२ अशा पार्किंगच्या पाट्या असलेल्या रस्त्यांवर सम-विषम तारखेला पार्किंगची बाजू बदलते, तेही बघा.

कारवाल्यांसाठी एकच, ड्रायव्हरने दार डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं, आरसा आणि मागचा रस्ता दोन्ही दिसतात. डावीकडे बसलेल्यांनी उजवा हात वापरायचा, त्या बाजूनेही सायकली येतात, सिग्नलला तर हमखास.