खडीच्या ढिगातला स्टिलबाइट कसा ओळखावा

ठाण्याजवळचा पारसिकचा डोंगर काळ्या बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या दगडाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून स्फटिक वाढले. दगडात पांढरं काही चमकलं की आपण सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो. ते झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्यांत पाणी धरणारी खनिजं) गटातलं स्टिलबाइटही असू शकतं.

शोधायला चालू खाणीत शिरू नका. येऊरच्या जंगलातलाही दगड उचलायचा नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. पाया खणला जात असेल तिथे मुकादमाला विचारून बाहेर टाकलेलं डबर पाहा.

आधी आकार बघा. स्टिलबाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे, दोन्ही टोकांना फुललेले असतात. रंग पांढरा किंवा फिकट गुलाबी-केशरी, सपाट बाजूवर मोत्याची झाक. मग चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. मोहच्या 1 ते 10 या मापपट्टीवर काठिण्य 3.5 ते 4, म्हणजे सहज उठतो. गारगोटीचं 7, तिथे चाकू हरतो.

कॅल्साइट हे दुसरं पांढरं खनिजही मऊच. म्हणून चिमूटभर भुकटीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट, स्टिलबाइट गप्प राहतो.

खरी मजा पुढे आहे. गहूभर तुकडा कोरड्या परीक्षानळीत घालून मंद आचेवर धरा. चष्मा लावा, नळीचं तोंड कुणाकडेही नको. तुकडा फुगतो, नळीच्या वरच्या गार काचेवर पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी स्फटिकातल्या सूक्ष्म पोकळ्यांतलं. अपोफिलाइट नावाचं दुसरं खनिजही असंच पाणी सोडतं, तेव्हा एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नका.

नमुना साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा. अ‍ॅसिड अजिबात नको. पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखा ओकेनाइट (हेही एक खनिज) मिळाला तर त्याला बोटही लावू नका, तंतू कायमचे दबतात.

झिओलाइटच्या त्या सूक्ष्म पोकळ्यांतले सोडियम-कॅल्शियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेरच्या आयनांशी अदलाबदल करतात, त्यावर झिओलाइटचा सगळा धंदा चालतो. कपडे धुण्याच्या पावडरीत कारखान्यात बनवलेला झिओलाइट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो. मासे पाळणाऱ्यांनी मात्र आपला स्टिलबाइट टाकीत टाकू नये. अमोनिया शोषायला क्लिनोप्टिलोलाइट हा दुसरा झिओलाइट मिळतो, तो घ्यावा. आणि तोही गोड्या पाण्यासाठीच. खाऱ्या पाण्यातलं सोडियम आधीच जागा अडवून बसतं.