पेसाहचं वाणसामान: काय चालतं, काय नाही

पेसाह या ज्यूंच्या सणात हामेत्झ, म्हणजे आंबलेलं धान्य, वर्ज्य असतं. गहू, जव, राय (मोहरी नव्हे), ओट्स आणि स्पेल्ट ही गव्हाची एक जात, एवढी पाचच धान्यं लक्षात ठेवा. त्यांचं पीठ भिजवून 18 मिनिटं नुसतं पडून राहिलं की हामेत्झ झालं. पाव, बिस्किटं, शेवया, बिअर, दुधात घालायची माल्टची पावडर, सोया सॉस सरळ बाद. ताजी फळं-भाज्या, अंडी, नारळ, कोकम बिनधास्त घ्या.

डाळ-तांदूळ अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) घरांत ‘कितनियोत’ (त्या पाचांबाहेरची धान्यं-कडधान्यं) म्हणून वर्ज्य; बेने इस्रायलींत (कोकणातल्या ज्यूंत) चालतात. इंग्रजी याद्या बऱ्याचदा अश्केनाझी रीतीच्या असतात. त्या वाचून घरचा वरणभात बंद करू नका.

तांदूळ मात्र सणाआधीच निवडा, तीनदा. पांढऱ्या ताटात मूठभर, कोरडाच पसरा. गव्हाचा दाणा फुगीर, तांबूस आणि पोटावर खाच असलेला. तांबडी फोल राहिलेला तांदूळ चपटा, त्याला खाच नसते. एका बैठकीत पाच किलो उरकायला गेलात तर तिसऱ्या खेपेला डोळे काही टिपत नाहीत. जिरे, धणे, मेथीही अशीच निवडा. घाई सणाआधीच का? चुकून मिसळलेलं हामेत्झ साठाव्या भागाहून कमी असेल तर सणापूर्वी ते रद्द धरतात. सण लागल्यावर कणसुद्धा चालत नाही.

खरी फसगत हिंगात. डबीतल्या हिंगात डिंक आणि बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. तोच हिंग लोणच्यात, पापडात, तयार मसाल्यांत. खडा दिसला म्हणून शुद्ध समजू नका, खडेही पीठ घालून बांधतात. आठ दिवस हिंग बंद, फोडणीला लसूण. (इस्रायलमध्ये सातच दिवस.) ‘ग्लुटेन-फ्री’ शिक्क्यावरही विसंबू नका: तसले ओट्सही हामेत्झच. नुसता ‘कोशर’ (ज्यू आहारनियमांत बसणारं) शिक्काही पुरत नाही, पेसाहसाठी असं वेगळं लिहिलेलं हवं.

बेसन आणि तांदळाचं पीठ गिरणीतून आणू नका. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो. निवडलेला तांदूळ घरीच, सणासाठी वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात वाटा.

त्या तांदळाची भाकरी आठवडाभर खा, पण सेदरला (सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला) मात्झा (न आंबवलेली रोटी) म्हणून ती चालत नाही. मात्झा त्या पाच धान्यांचाच लागतो.